दोन साडूंची बोट

आमच्या घरात ‘बोट’ हा शब्द कायम स्त्रीलिंगीच होता. हाताला चटका बसला तर करंगळी भाजली की अंगठा, ते नेमकं सांगावं लागायचं. नुसतं ‘बोट’ म्हटलं की ह्यांचे कान टवकारायचे आणि ते विचारायचे, “कुठली? काय झालं तिला?”

ह्या बोटी म्हणजे हातभर लांबीच्या, पोटात बॅटरी आणि मोटर असलेल्या, काठावर उभं राहून रिमोटने चालवायच्या. लोक त्यांना खेळणी म्हणायचे. ह्यांच्यासमोर मात्र तो शब्द काढायची सोय नव्हती.

हे, म्हणजे माझे यजमान, कानाची मशीनं बसवून देत. बाजारात जिन्याखाली छोटंसं दुकान, दोन खुर्च्या, एक आरसा आणि टेबलावर भिंगाचा दिवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी दिवसभर बोलायचं, तेही आवाज न चढवता. त्यामुळे प्रत्येक गोष्ट सावकाश करायची आणि दोनदा विचारायची अशी ह्यांना सवय लागली होती. घराबाहेर पडताना कुलूप लावलं का, हे मला विचारायचे आणि मग स्वतः जाऊन ओढून बघायचे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, त्याच्या अगदी उलट. ते अग्निशमन दलात बंबाची गाडी चालवायचे. घंटा झाली की बुटाची नाडी बांधायच्या आधी माणूस गाडीत. ती सवय अंगातच मुरलेली. जेवायलाही ते घंटा झाल्यासारखेच बसायचे आणि आमचा दुसरा घास होईतो पाण्याचा पेला रिकामा करून उठायचे.

अशा दोघांचं जमावं हे कुणाला पटलं नसतं. आम्ही बहिणी सख्ख्या म्हणून ते साडू झाले, एवढाच त्यांचा संबंध. सुरुवातीची काही वर्षं दोघं एकमेकांसमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि आम्ही कधी उठतोय याची वाट बघायचे. मग एकदा भावोजींनी कुठून तरी एक मोडकी बोट आणली. मोटर चालत नव्हती. ह्यांनी ती दुकानात नेली, भिंगाखाली धरली, आणि पुढच्या रविवारी ती शहराच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्रामागच्या तळ्यात पळाली. त्या दिवसापासून त्या दोघांचे रविवार आमच्या हातातून गेले.

ते तळं मला अजून जसंच्या तसं दिसतं. विटांचा उतरता काठ, त्यावर शेवाळाची हिरवी रेघ, एका बाजूला लोखंडी कुंपण आणि दुसऱ्या बाजूला एक लांब बाक. बाकावर ताई आणि मी, मधे थर्मास. समोर दहा-बारा पुरुष, सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळतायत. वाऱ्याबरोबर कधी मोटरचा आवाज यायचा, कधी तापलेल्या प्लास्टिकचा वास. ताई विणकाम घेऊन बसायची आणि मी दुकानातलं काही अर्धवट उसवलेलं. मी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवणाऱ्या दुकानात कापणीच्या टेबलावर होते. बोटीच्या पोटाला आतून काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवावं लागतं, ते मीच कापून द्यायचे. माझा त्यात तेवढाच वाटा.

तेव्हाच्या बॅटऱ्या वेगळ्या होत्या. जाडजूड, गोल सेल असायचे, एकापुढे एक जोडून बॅटरी बनवायची. सगळे सेल दिसायला सारखे, पण एखादा लवकर दमायचा आणि बाकीच्यांनाही दमवायचा. म्हणून भावोजी त्यांची परीक्षा घ्यायचे. गाडीचा एक दिवा प्रत्येक सेलला जोडून तो किती वेळ जळतो ते घड्याळ लावून बघायचे आणि बरोबरीचे सेल एका बॅटरीत बांधायचे. बंबावर ड्युटी नसली की त्यांच्या गॅलरीत हा उद्योग चाले. ताईला कपडे वाळत घालायला जागा उरायची नाही. ती म्हणायची, “माझ्या सवती बघ, एका रांगेत उभ्या आहेत.”

बॅटरी भावोजींची आणि कंट्रोलर ह्यांचा, अशी वाटणी आपोआप झाली होती. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधला डबा. रिमोटवर बोटाने जेवढं दाबाल तेवढीच वीज तो मोटरला जाऊ देतो. “बॅटरी देणारी, मोटर घेणारी, आणि हा मधे उभा राहून सगळा भार सोसणारा,” असं हे समजावून सांगायचे. जुन्या काळी ह्यांनी तो स्वतः बनवला. पुढे तयार मिळायला लागले, तरी त्याला थंड ठेवणारी पाण्याची नळी हेच बसवायचे. बोट पळायला लागली की बोटीखालच्या पंख्यामागचं पाणी त्या नळीतून आत शिरायचं, कंट्रोलरभोवती फिरून बाजूच्या भोकातून बाहेर पडायचं. ती पाण्याची बारीक धार दिसली की ह्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. वजनाला निम्म्या, जोर दुप्पट, आणि स्वभावाने तापट. भावोजींना त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या, यात नवल काय.

ह्यांची लाल बोट तीन सेलच्या बॅटरीवर चालायची. कंट्रोलरवर तसं स्पष्ट छापलेलं होतं. भावोजी निवृत्त झाले तेव्हा स्टेशनवरच्या पोरांनी वर्गणी काढून त्यांना एक बॅटरी भेट दिली. चार सेलची. माझ्या आठवणीत भावोजी तेवढे खूश दुसऱ्या कशाने झाले नव्हते. ती बॅटरी घेऊन ते थेट आमच्याकडे आले.

ह्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “बॅटरी छान आहे. पण ह्या बोटीत नाही चालायची.”

“एकच तर सेल जास्त आहे, साडूभाऊ.”

“एक सेल वाढला की मोटर जोरात फिरणार. पंखा तोच, पाणी तेच. मग ते पाणी कापायला लागणारा करंट थोडाथोडका नाही वाढत, उड्या मारत वाढतो. आणि हा कंट्रोलर तीनचाच आहे.”

“कंपनीवाले जरा राखूनच लिहितात हो.”

“मोठा कंट्रोलर मागवतो. पंखाही लहान लावू. मग लावा ही बॅटरी.”

“शर्यतीच्या आधी येईल?”

“नाही यायचा.”

भावोजींनी मान हलवली. पटल्यावर माणूस जशी हलवतो तशी नाही, विषय संपवायला हलवतात तशी.

वर्षाची मोठी शर्यत पुढच्याच रविवारी होती. सकाळी निघायच्या वेळेला एक म्हातारी बाई दारात उभी. तिचं कानातलं मशीन शिट्टी मारत होतं आणि तिला त्याच दिवशी नातीकडे जायचं होतं. हे मला म्हणाले, “तू बोट घेऊन भावोजींबरोबर पुढे हो, मी आलोच.” ताईची त्या दिवशी ड्युटी होती. ती रक्तपेढीत कामाला होती. तिथे रविवार आणि सोमवार यांत फरक नसतो.

मी बाकावर बसले होते. भावोजी माझ्याकडे पाठ करून बोटीचं झाकण लावत होते. आत काय ठेवलं ते मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्या वेळी मला काय कळणार होतं.

बोट सुटली तशी सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. ती पाण्यावर टेकतच नव्हती. पहिल्याच वळणावर तिने सगळ्यांना मागे टाकलं. भावोजींचा चेहरा वीस वर्षांनी लहान झाला होता. दुसऱ्या फेरीत मोटरचा आवाज जरा किरटा झाल्यासारखा वाटला. मग झाकणाच्या फटीतून पांढरा धूर आला. भावोजींनी रिमोट सोडला, पण कंट्रोलर जळून चिकटला होता, तो ऐकेना. बोट तशीच तिरकी पळत तळ्याच्या मधोमध गेली आणि तिथे पेटली. तोवर कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. लाल रंग काळा होत गेला, पुढचं टोक वर आलं आणि ती बुडाली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, बंब बोलवा रे.”

सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. दुसरं कुणी असतं तर भावोजीही पोट धरून हसले असते. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आगी विझवल्या, त्याला सगळ्यांसमोर हे ऐकावं लागलं. त्यांची मान खाली गेली.

आणि नेमके तेव्हाच हे पोचले. सायकल कुंपणाला टेकवून ते काठावर आले. पाण्यावर अजून धुराची रेघ होती. त्यांनी भावोजींच्या पायाशी पडलेलं बॅटरीचं रिकामं वेष्टन पाहिलं. चार सेलचं. हे कधी कुणावर ओरडले नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, “वाचता येतं ना तुम्हाला?”

हे वाक्य बाकीच्यांना साधं वाटलं असेल. आम्हाला ते साधं नव्हतं. भावोजींची शाळा लहानपणीच सुटली होती. अक्षर लावून लावून वाचायचे. दलात बढतीची परीक्षा आली तेव्हा ह्यांनीच कित्येक संध्याकाळी दुकान बंद करून त्यांना जिन्याखाली बसवलं होतं आणि नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. भावोजींनी ते ऐकून ऐकून पाठ केलं आणि पास झाले. ही गोष्ट आम्हा चौघांखेरीज कुणाला माहीत नव्हती.

भावोजींनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि निघून गेले.

रक्तपेढीत निरोप गेला तो असा, “यजमानांच्या हातून बोट जळाली.” फोन घेणाऱ्या बाईने ‘बोट जळालं’ ऐकलं आणि ताईच्या हातात भाजल्यावर लावायचं मलम देऊन तिला घरी पाठवलं. ताई घाबरीघुबरी घरी आली तर भावोजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले, दहाही बोटं शाबूत. ते मलम तिने कपाटात ठेवलं. नंतर ती मला म्हणाली, “लागायला हवं होतं ते दुसरीकडेच लागलंय गं.”

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण असं नव्हतं. आम्ही त्यांच्याकडे जायचं ठरवलं की ह्यांना नेमकं गिऱ्हाईक यायचं. ते आमच्याकडे यायचे असले की भावोजींचा गुडघा दुखायला लागायचा. दोन वर्षं तो गुडघा आमच्या घराचा जिना सोडून बाकी सगळीकडे व्यवस्थित चढत-उतरत होता. हे घरी बसून जुनी घड्याळं उघडायचे. तळ्यावर दोघांपैकी कुणीच जात नव्हतं. मी एकदा म्हटलं, “अहो, एक शब्द बोलून टाका ना.” तर हे म्हणाले, “तो शब्द मी बोललोय, तोच तर परत घेता येत नाही.”

ताई निवृत्त झाली त्या महिन्यातली गोष्ट. ती माझ्या दुकानात आली, कापणीच्या टेबलावर पिशवी ठेवली आणि आतून एक पांढरी बोट काढली. रंग उडालेला, आत काही नाही, नुसतं पोट.

“ही कुठून आणलीस?”

“तळ्यावरच्या मंडळाच्या सेक्रेटरींकडे पडली होती. दिली त्यांनी.”

“भावोजींसाठी?”

“माझ्यासाठी,” ताई म्हणाली. “इतकी वर्षं त्या बाकावर बसून चहा ओतला. मला एकदा तो रिमोट हातात धरायचाय. तू येतेस का बोल.”

मला वाटलं होतं की दोघांना एकत्र आणायचा हा तिचा डाव असेल. पण नाही. तिला खरंच बोट चालवायची होती. डावच टाकायचा तर ती इतकी मेहनत कशाला करेल.

अडचण एकच होती. आम्हाला त्यातलं काही येत नव्हतं. मग मी घरी विचारायला लागले आणि ती तिच्या घरी. मी ह्यांना विचारलं, “कंट्रोलर निवडायचा कसा?” ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. पुढचा तासभर ते बोलत होते. दोन वर्षांत एवढं बोलले नसतील. आधी मोटर कितीचा करंट ओढते ते बघायचं, त्याच्या दीडपट तरी झेपेल असा कंट्रोलर घ्यायचा, दुप्पट घेतला तर आणखी चांगलं. किती सेल चालतात ते त्याच्यावर छापलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. तळ्यात शेवाळ असतं, ते पंख्यात अडकलं की करंट वाढतो, तेवढी मोकळीक आधीच ठेवायची. “साठ अँपिअरचा घ्या,” असं सांगून झोपले.

तिकडे भावोजींनी ताईला सांगितलं की बॅटरी नुसती मोठी घेऊन उपयोग नाही. तिच्यात साठा किती आणि ती एका वेळी देऊ किती शकते, ह्या दोन गोष्टी वेगळ्या. कंट्रोलर कितीही मोठा लावला आणि बॅटरीची द्यायची ताकदच नसली, तर तीच गरम होऊन फुगायची.

ताईने हे सगळं रक्तपेढीच्या शिस्तीत बसवलं. माझ्या टेबलावर तिने बॅटरी, कंट्रोलर आणि मोटर ओळीने ठेवली आणि मला म्हणाली, “तू एकेक मोठ्याने वाच, मी परत म्हणते.” रक्ताची बाटली द्यायच्या आधी रक्तपेढीतल्या बायका तसंच करायच्या. एकीने बाटलीवरचा गट वाचायचा, दुसरीने रुग्णाच्या कागदावरचा, आणि दोघींचं जुळलं तरच पुढे जायचं. आमचं दोनदा जुळलं. दुकानातल्या मुली शिवणं थांबवून बघत होत्या.

मग करंट मोजायची वेळ आली. आमच्या न्हाणीघरातल्या टबात पाणी भरलं. बोट दोरीने नळाला बांधली, तारेत मीटर लावलं. ताईने जरासा रिमोट दाबला आणि अर्धा टब भिंतीवर गेला. दोघी नखशिखांत भिजलो. आकडा मात्र दिसला. पंचावन्न.

“कंट्रोलर साठचा, म्हणजे चालेल की,” मी म्हटलं.

“शेवाळ अडकल्यावर कुठे जाईल?” ताई म्हणाली. “नाही चालायचं. मी अशी बाटली नसती सोडली.”

हे दुकानातून आले तेव्हा मी फरशी पुसत होते. टबात बोट, भिंती ओल्या आणि मीटरचा आकडा मी खडूने दारावर लिहून ठेवलेला. हे थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत उभे राहिले. सकाळी मी उठले तर ओट्यावर एक छोटा पितळी पंखा ठेवलेला होता, घासूनपुसून चकचकीत. तो लावल्यावर आकडा बत्तीस आला.

बॅटरीला कनेक्टर जोडायचं काम ताईला जमेना. तिचे कथलाचे डाग ओबडधोबड यायचे, ओढले की सुटायचे. शेवटी भावोजींनी तिच्या हातातून सोल्डरिंगची ती तापलेली डागणी काढून घेतली. काम करता करता त्यांनी विचारलं. हे संभाषण ताईने मला जसंच्या तसं सांगितलं.

“कंट्रोलर कितीचा आहे?”

“साठचा.”

“आणि करंट?”

“बत्तीस. तीन सेलवर.”

डाग थंड झाला, भावोजींनी तो ओढून बघितला.

“साठचा घ्या असं त्यांनी सांगितलं ना?”

“कोणी?” ताई म्हणाली.

“बरं,” भावोजी म्हणाले. “ताराही आखूड कर. लांब तारांनी कंट्रोलरला त्रास होतो.” आणि त्यांनी स्वतःच त्या कापून आखूड केल्या.

तो रविवार मोकळ्या आभाळाचा होता. बोट उचलायला कुणीतरी हवं म्हणून हे माझ्याबरोबर आले, असं त्यांनी स्वतःच दोनदा सांगितलं. बोटीचं वजन जेमतेम दोन किलो होतं. तळ्यावरच्या मंडळींनी त्यांना बघून जागा करून दिली, कुणी काही विचारलं नाही. बोट पाण्यात सोडायच्या आधी ह्यांनी झाकण उघडून बॅटरी बघितली. कनेक्टरवरचा डाग त्यांनी ओळखला. गोल, तुकतुकीत, थेंबासारखा. तसा डाग द्यायला भावोजींना त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी झाकण हलकेच लावलं.

पलीकडच्या कुंपणाजवळ भावोजी उभे होते. फिरायला आलेल्या माणसासारखे, हात मागे बांधून.

ताईने रिमोट हातात घेतला. बोट आधी जागच्या जागी वळली, मग नाक उचलून सरळ निघाली. फार वेगात नाही, पण ऐटीत. बाजूच्या भोकातून पाण्याची धार लखलखत बाहेर पडत होती. ताई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मी तिचा चष्मा धरून उभी होते.

तिसऱ्या फेरीत बोट तळ्याच्या मधल्या शेवाळात शिरली आणि मोटरचा आवाज जड झाला.

“सोडा, रिमोट सोडा,” हे म्हणाले. त्याच क्षणी पलीकडून भावोजींचा आवाज आला, “सोड, सोड.”

ताईने बोट काढलं. तळ्याच्या मधोमध बोट थांबली, गुपचूप. धूर नाही, काही नाही.

ती आणायला तळ्यावर एक जुनी वल्ह्याची नाव होती. ती एकट्याने चालत नसे. एकाने वल्हवायचं आणि दुसऱ्याने वाकून बोट उचलायची. सेक्रेटरी म्हणाले, “माझी पाठ धरलीय, मला नाही जमायचं.” बाकीचे एकदम आपापल्या रिमोटकडे बघायला लागले. त्यांच्या पाठीचं मला माहीत नाही. पण हे नावेत चढले, आणि पलीकडून भावोजी काठाकाठाने चालत आले, दोरी सोडली आणि समोर बसले. गुडघा त्यांना आठवला नाही.

आम्ही दोघी बाकावर बसून बघत होतो. नाव आधी गोल फिरली. मग वाकडीतिकडी जात मधे पोचली आणि तिथे पुष्कळ वेळ थांबली. बोट उचलायला एवढा वेळ लागत नाही. भावोजी वाकलेले दिसत होते, हे वल्हं आडवं धरून बसलेले. वाऱ्याने शब्द इकडे येत नव्हते. ताई म्हणाली, “चहा ओत.” मी ओतला. तो प्यायला कुणाला सुचलं नाही.

परत आले तेव्हा हे गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि भावोजींच्या हातात पांढरी बोट. भावोजी बाकाजवळ आले आणि शेवाळाचा गुंता माझ्यासमोर धरून म्हणाले, “बघ छोटी, किती लांब आहे. पण कंट्रोलर नुसता कोमट आहे.”

घरी गेल्यावर मी ह्यांना विचारलं, “काय बोललात एवढं?”

“मी म्हटलं, तुम्हाला तसं बोलायला नको होतं मी.”

“मग ते?”

“ते म्हणाले, वल्हं डावीकडे मारा, आपण गोल फिरतोय.”

एवढंच. त्यापुढे जे बोलणं झालं असेल ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि भावोजींनी ताईलाही नाही.

मग पुढची अकरा वर्षं आमचे रविवार चौघांचे होते. ताई शर्यतीत उतरायची, मी कधीमधी. दोघं साडू आमचे मेकॅनिक. बाकावर थर्मास घेऊन तेच बसायचे आणि आम्ही वळण चुकलो की दोघं एकदम नाक मुरडायचे. भावोजींची चार सेलवाली बोटही झाली, तिला साजेसा कंट्रोलर लावून, पंखा मापून. ती जिंकायची नाही, कारण भावोजींना जिंकण्यापेक्षा तिचा आवाज ऐकायचा असायचा. हे डोळे मिटून तो आवाज ऐकत आणि म्हणत, “जरा वरच्या पट्टीत आहे, पण ठीक आहे.” आता आठवलं की वाटतं, त्या दिवसांत आपण किती निर्धास्त होतो. रविवार संपला तरी दुसरा येणारच होता.

ह्यांना जाऊन आता तिसरं वर्ष चालू आहे. जायच्या आधी थोडे दिवस अंथरुणावर होते. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येईनासं झालं. कानाची मशीनं बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या कानात मशीन घालायचा कंटाळा. मी बोलले की ते नुसते माझ्या ओठांकडे बघून हसायचे.

त्यांच्या मागे घरात बॅटऱ्या उरल्या. मी त्या कपाटात तशाच ठेवल्या होत्या. महिन्याभराने भावोजी चार्जर घेऊन आले.

“ह्या भरून ठेवायच्या नसतात,” ते म्हणाले, “आणि रिकाम्याही नाही. भरून ठेवल्या तर फुगतात, रिकाम्या ठेवल्या तर मरतात. निम्म्या ठेवायच्या, आणि मधूनमधून बघायचं.”

“आता बोट कोण चालवतंय, भावोजी?”

“चालवायचीच असं कुठे आहे? बॅटरी आहे तर तिचं बघायला नको?”

तेव्हापासून ते येतात. ताईही बरोबर येते. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरतात, एकेक बॅटरी काढून त्यावर ठेवतात, चष्मा नाकावर घसरवून तिच्यावरचं लेबल वाचतात. सावकाश, प्रत्येक अक्षर लावून, ओठ हलवत. मग चार्जरला जोडतात आणि प्रत्येक सेल बरोबरीला येईपर्यंत तिथेच बसून राहतात. ते काम वेळ खातं. सेल एकमेकांच्या जवळ येत जातात, पण शेवटचं थोडंसं अंतर फार हळू भरतं.

गेल्या आठवड्यात दुपारी आले होते. एक बॅटरी फुगलेली निघाली, ती त्यांनी बाजूला काढून बाहेर गॅलरीत ठेवली. बाकीच्या एकेक करून जोडायला घेतल्या. ताई आणि मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलो, इकडचं तिकडचं बोलत. बाहेरून चार्जरच्या पंख्याचा बारीक आवाज येत होता. बऱ्याच वेळाने जाणवलं की भावोजी काही बोलत नाहीयेत. मी डोकावून बघितलं.

ते खुर्चीत झोपले होते. हनुवटी छातीवर, एक हात टॉवेलवर बॅटरीशेजारी. उन्हाची तिरीप त्यांच्या पायांपर्यंत आली होती.

ताईने मागून हळूच विचारलं, “उठवू?”

“राहू दे,” मी म्हटलं.

तिने जाऊन पडदा अर्धा ओढला, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. मी चार्जरवरचे आकडे बघितले. तिन्ही सेल बरोबरीला आले होते. मी बॅटरी काढली, कपाटात ठेवली आणि दुसरी जोडली.